गुरूंनी नाकारलेली जागा

एकदा एक वयोवृद्ध गुरू आपल्या शिष्याची द्राक्षबाग पाहायला गेले. देह थकला होता, आणि त्यांच्या समाजात मृताला अग्नी न देता भूमीत ठेवण्याची रीत होती. शिष्य काशिलिंग याने हात जोडून विनवले, "अप्पा, तुमची समाधी माझ्याच बागेत व्हावी. एवढं भाग्य मला द्या."

बाग दृष्ट लागावी अशी होती. तणाचे पातेही दिसत नव्हते. गुरू एका वेलीखाली बसले, मूठभर माती त्यांनी नाकाशी धरली आणि ते उठले. बांध ओलांडून ते शेजारच्या पडीक माळावर गेले. काठी टेकवून म्हणाले, "मला इथं ठेवा."

काशिलिंगचा चेहरा उतरला. "या काट्याकुट्यांत? माझ्या बागेत काय उणं आहे, अप्पा?"

"वेलीखाली पानं पडलीत, ती कधीची?"

"गेल्या वर्षीच्या छाटणीची."

"अजून कुजली नाहीत?"

"कुजतील कशी?" काशिलिंग अभिमानाने म्हणाला. "कीड, बुरशी, काही टिकूच देत नाही. एक फवारणी चुकवत नाही मी."

गुरू खिन्न हसले. "लेकरा, मातीत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू नांदतात. पडलेलं पान, मेलेलं पाखरू, तेच पचवतात आणि मुळांच्या तोंडी घालतात. मातीला वास येतो, तोही त्यांचाच. तू किडीवर मारलेलं विष त्यांच्यापर्यंत झिरपलं. विष सोसणारे थोडे उरले, पचवणारे बहुतेक गेले. तुझ्या वेली आता मातीवर जगत नाहीत, तू पोत्यातून घालतोस त्या खतावर जगतात. 'मेल्यावर माती व्हायचंय' असं जन्मभर लोकांना सांगत आलो मी. तुझ्या शेतात मी नुसता पडून राहीन रे."

काशिलिंगची नजर बागेच्या ईशान्य कोपऱ्याकडे गेली. तिथे त्याने दोन वर्षांपूर्वी आपल्या आईला ठेवले होते.

"अप्पा," तो तिकडे बोट करून म्हणाला, "मग माझी आई?"

गुरूंनी मान खाली घातली.

गुरू गेले. त्यांना माळावरच ठेवले. काशिलिंगने ईशान्य कोपऱ्यातली फवारणी बंद केली. शेणखत, पालापाचोळा तो तिथे आणून टाकू लागला. त्या कोपऱ्यातल्या वेली आधी पिवळ्या पडल्या, मग वाळल्या. लोक हसले. माती पुन्हा जिवंत व्हायला किती वर्षे लागतात, हे त्याने कुणालाच विचारले नाही. रोज सकाळी तो तिथे वाकतो, चिमूटभर माती नाकाशी धरतो, आणि अजून तरी तिला कसलाच वास येत नाही.