देवघरातला कागद

"...आणि तुमच्या या उदीपायी किती जणांचे हातपाय कायमचे गेले, हे तुम्हाला आजवर कुणी विचारलंच नाही का, बाबा?"

डॉ. उद्धव केंद्रे उभ्यानेच बोलत होते. जिल्ह्याच्या गावी पक्षाघाताच्या रुग्णांसाठी वेगळा विभाग त्यांनी उभारला होता, आणि त्याचं नाव दूरवर झालं होतं. टेकडीवरच्या दर्ग्यात लकवा झालेल्यांची रांग लागते असं कानावर आल्यावर ते तडक गाडी काढून आले होते.

लतीफबाबा वऱ्हांड्यात बसून एका म्हातारीच्या गोळ्यांची पट्टी उजेडात धरून बघत होते.

"तीन दिवस झाले, बीपीची गोळी घेतली नाहीस," ते म्हातारीला म्हणाले. "उदी पाहिजे ना? आधी गोळी घे. माझ्यासमोर."

म्हातारीने मुकाट्याने गोळी गिळली.

मग बाबा डॉक्टरांकडे वळले. "बोला, साहेब."

"साडेचार तास! झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत माणूस माझ्याकडे आला, तर मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन देता येतं. नंतर नाही. आणि नेमका तोच वेळ लोक इथे घालवतात."

"घालवायचे... मीच घालवायला लावायचो."

डॉक्टर थबकले.

"माझा सख्खा भाऊ याच ओट्यावर गेला. सकाळी तोंड वाकडं झालं. मी दुपारपर्यंत फुंकर घालत बसलो."

बाबांनी गोळ्यांची पट्टी म्हातारीला परत दिली.

"तेव्हापासून तसा माणूस आला, की मी त्याला गाडीतून उतरूच देत नाही. गाडी तशीच वळवायला लावतो. तुमच्याकडे."

"मग हे सगळे कोण?"

वऱ्हांड्यात दहाबारा जण होते. कुणी भिंतीला टेकून, कुणी काठी मांडीवर घेऊन. एक बाई कठड्याला धरून पाय ओढत चालायला शिकत होती.

"हे?" बाबा म्हणाले. "हे तुमच्याकडून आलेले."

...

"अनुसयाबाई, मालकांना घेऊन या इकडं," बाबांनी हाक मारली.

एक बाई नवऱ्याला आधार देत आली. डॉक्टरांनी त्याला लगेच ओळखलं. शेषराव गिते. दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर. दोन वर्षांपूर्वी झटका आल्यावर दोन तासांत पोचला होता. जीव वाचला, पाय हलू लागला, आठव्या दिवशी घरी गेला. पुण्याच्या एका परिषदेत डॉक्टरांनी त्याच्या मेंदूचे फोटो पडद्यावर दाखवले होते. टाळ्या पडल्या होत्या.

अनुसयाबाई डॉक्टरांच्या पाया पडायला वाकली.

"तुमच्यामुळं हे जिते हायेत, सायेब."

"घरी सोडताना साहेबांनी काय सांगितलं होतं, बाई?" बाबांनी विचारलं.

"कागद दिला की. जपून ठिवलाय. देवघरात."

"काय लिहिलंय त्यात?"

ती ओशाळली. पदर नीट करू लागली.

"विंग्रजीत हाय. मी मराठी चौथी शिकलेली... रोज हळदकुंकू वाहते त्याला."

डॉक्टरांना तो कागद पाठ होता. त्यांनी स्वतः लिहिला होता. त्यात सगळं होतं. गोळ्या कधी घ्यायच्या, पुन्हा कधी दाखवायला यायचं, बोटं आणि मनगट रोज किती वेळा सरळ करायचं. सगळं.

बाबांनी कोमट पाण्याचं घमेलं पुढे सरकवलं. शेषरावांचा उजवा हात उचलून डॉक्टरांच्या हातात दिला. मूठ घट्ट मिटलेली होती. आतून आंबूस वास येत होता.

"उघडा."

डॉक्टरांनी बोटं ओढली. शेषरावांचा अर्धा चेहरा पिळवटला. घशातून कळवळून आवाज निघाला.

"ओढू नका. आधी मनगट झुकवा."

डॉक्टरांनी मनगट खाली झुकवलं. बोटं हळूहळू सैल झाली... मूठ उघडली.

तळहाताची कातडी पांढरी, भिजल्यासारखी झाली होती. त्यात चार नखांच्या चार खोल खुणा होत्या.

"हे कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"घरी आणल्यापास्नं बोटं आखडाय लागली," अनुसयाबाई म्हणाली. "आम्हाला वाटलं, आता हे असंच ऱ्हायचं. तुम्हाला कशाला तरास द्यायचा... इथं कालच आलोय."

शेषराव डॉक्टरांकडे बघून काहीतरी बोलू पाहत होते. झटक्यानंतर त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता.

"बरं," ते म्हणाले. "बरं... बरं."

ते जणू डॉक्टरांचीच समजूत घालत होते.

डॉक्टर खाली बसले. तो हात त्यांनी कोमट पाण्यात धरला. मान वर करून ना शेषरावांकडे बघवत होतं, ना तिच्याकडे. धुतलेला तळवा त्यांनी आपल्या रुमालाने टिपला, एकेक नख कापलं.

उठताना ते एवढंच म्हणाले, "मी मघाशी जे बोललो..."

बाबा पुढच्या माणसाची गोळ्यांची पट्टी बघत होते.

...

महिनाभराने डॉक्टर पुन्हा टेकडी चढून आले. बरोबर व्यायाम शिकवणारी एक ताई होती. ती आता दर गुरुवारी इथे येणार होती. डॉक्टरांच्या हातात नवा कागद होता. मराठीत, मोठ्या अक्षरात, शेजारी चित्रं काढलेला.

अनुसयाबाईने बोट ठेवून वाचला. अडखळत, पण शेवटपर्यंत. वाचून झाल्यावर तिने नवऱ्याचं मनगट हातात घेतलं.

"आता घरी जाणाऱ्या प्रत्येकाला हाच कागद," डॉक्टर म्हणाले. "घरच्यांनी वाचून, करून दाखवल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही."

बाबांनी मान डोलावली.

"आता बरोबर झालं ना, बाबा?"

"झालं..."

बाबांनी टेकडीखाली दूरवर पसरलेल्या गावांकडे पाहिलं.

"तो पहिला इंग्रजी कागद ज्यांना दिलात, त्यांची घरं कुठं कुठं आहेत, साहेब?"