हाळी न देता आणलेला भाऊ

एकदा काय झालं, माणदेशातल्या एका माळावर ठकू आणि मायाप्पा अशी धनगरांची दोन भावंडं राहायची. ठकू थोरली, मायाप्पा धाकटा. आईबाप नव्हते. तिला तो आणि त्याला ती, एवढंच काय ते गणगोत. एका वर्षी माळावरचं गवत पार वाळून गेलं. मग मायाप्पा मेंढरं घेऊन हिरव्या कुरणाच्या शोधात निघाला. आज इथं, उद्या तिथं, असं करत करत उत्तरेच्या बर्फाच्या डोंगरात पोचला. लांब, बरं का! जिथं झाड नाही, पाखरू नाही, आणि वारा मात्र सदानकदा भांडत असतो. दसरा गेला, भाऊबीज गेली. मायाप्पा काही आला नाही.

ठकू रोज वाटेकडं डोळे लावून बसायची. जेवायला बसली तरी घास गिळेना. मग तिनं घोंगडं खांद्यावर टाकलं आणि निघाली.

मेंढरांचा माग विचारत चालली, चालली, चालली. बर्फाच्या डोंगराच्या पायथ्याशी एक म्हातारी लोकर कातत बसली होती. ती म्हणाली, "तुझा भाऊ वर आहे, पोरी. पण वर फार दिवस राहिलेला माणूस एकेक गोष्ट विसरत जातो. बर्फानं वाट बुजायच्या आत खाली आणलास तर तो तुझा. नाहीतर डोंगराचा. आणि हे बघ, वर पळायचं नाही, झोपायचं नाही, ओरडायचं नाही. ओरडलीस तर डोंगर जागा होतो."

ठकू हो म्हणाली. हो म्हणायला काय जातं? तुम्ही नाही का रोज म्हणत!

मग ती चढायला लागली. थोडं चढते तोच आभाळ भरून आलं. वाट बुजली तर? या भीतीनं ठकू पळाली, माळावर पळायची तशीच. डोंगरानं झटकन तिचा श्वास काढून घेतला. छाती नुसती वरखाली होतेय, आत हवाच जात नाही! डोळ्यांपुढं काजवे चमकले. ती मटकन खाली बसली, तेव्हा कुठं डोंगरानं तिचा श्वास थोडा थोडा करून परत दिला.

मग बर्फ लागला. तो लबाड गोड आवाजात बोलायला लागला. "दमलीस गं बाय. टेक जरा. मी पांघरूण घालतो." आणि खरंच, पायांवर मऊ पांढरं पांघरूण चढायला लागलं. ठकूचे डोळे मिटले. तुम्ही नका मिटू एवढ्यात, भाऊ सापडायचाय अजून! तिनं स्वतःच्याच दंडाला कडकडून चावा घेतला. रडत उठली आणि रडतच पुढं चालली.

आणि मग दिसला की मायाप्पा! पलीकडच्या उतारावर. पुढं मेंढरं, मागं हा. पण मेंढरं निघाली होती थेट कड्याकडं. कड्याखाली पांढरे ढग. मुक्या जनावरांना वाटत होतं, पुढंही बर्फच आहे.

आता धनगराची रीत काय? लांबून माणूस दिसला की हाळी द्यायची. मोठ्यानं हाक मारायची. न सांगता कुणाच्या मेंढरांजवळ गेलं तर कुत्री फाडून खातील ना! जन्माची सवय ती. ठकूचे हात आपोआप तोंडाशी गेले. "माया..." अर्धीच हाळी, बरं का, अर्धीच! पण डोंगरानं कूस बदलली. घर्रर्र करत शेजारचा अख्खा उतार घसरून गेला. मेंढरं बिचकली आणि कड्याकडं आणखी सरकली. ठकूनं घोंगड्याचा बोळा तोंडात कोंबला. भाऊ डोळ्यांदेखत मरणाकडं चाललाय आणि बहिणीला हाक मारायची सोय नाही. काय झालं असेल तिच्या जिवाचं!

मग तिचा हात कमरेच्या पिशवीकडं गेला. पिशवीत मीठ होतं. मेंढरांना मीठ चाटायला लागतं, म्हणून धनगर मिठाशिवाय बाहेर पडत नाही. ठकू ओणवी झाली. सपाट दगडावर तिनं मिठाची ओळ मांडली, माळावर मांडायची तशी. गारठलेल्या बोटांतून निम्मं मीठ सांडलं. पण म्होरक्या मेंढ्यानं मान वर केली. बघितलं. थांबला. आणि वळला. तो वळला तशी सगळी वळली. आणि मेंढरं वळली की धनगर वळतोच, त्याला स्वतःचं नाव आठवो नाहीतर न आठवो.

मायाप्पा जवळ आला. ठकूकडं बघून म्हणाला, "कोन गं बाई तू?"

ठकूचं काळीज तुटलं. तिनं त्याचा हात घट्ट धरला आणि उतरायला लागली. हळू, एकेक पाऊल. मागून बर्फ वाट बुजवत येत होता.

बर्फ संपला तिथं मायाप्पाला मेंढरांची नावं आठवली. मेंढरांची! बहीण शेजारी चाललीय आणि हा म्हणतो, "ही चांदी, ही भुरी." देवदाराची झाडं लागली तिथं त्याला माळ आठवला. ठकू त्याच्या तोंडाकडं बघतेय, बघतेय. नदी आली, नदी ओलांडली, तरी तो आपला परक्यासारखाच. असाच राहिला तर? हात मात्र तिनं सोडला नाही.

आणि एकाएकी मायाप्पा थांबला. तिच्यावर खेकसला, "ठके! एवढ्या लांब एकलीच आलीस व्हय? काही अक्कल हाय का न्हाई तुला?"

मग ठकू अशी रडली, अशी रडली, की मेंढरंसुद्धा चरायची थांबली.

दोघं घरी आली. माळावर गवत उगवलं होतं. ती खाऊनपिऊन सुखानं राहिली. भाऊ बहिणीपाशी पोचला, मेंढरं गवतापाशी पोचली, आता तुम्ही झोपेपाशी पोचा बघू. पाय आत घे रे, गार पडलेत.