वाळलेली कुपनं

जंगलात पहिलं किराणा दुकान निघालं, त्या काळची गोष्ट. दुकानदार कावळा प्रत्येक खरेदीवर कुपन म्हणून पिंपळाचं हिरवं पान देई. "वाळायच्या आत आणा, मूठभर शेंगदाणे फुकट," असं तो बजावून सांगे. खारमावशी मात्र पानं ढोलीत नुसती साठवी.

थंडीत तिची भाची तुरी तापाने फणफणली. "मावशी, शेंगदाणे आण ना गं."

"कुपनं अडीनडीला असतात, बाळा."

"मग मी काय मजेत पडलेय का?"

ताप फारच चढला, तेव्हा मावशी सगळी पानं घेऊन धावली. कावळ्याने चोच लावताच त्यांचा चुरा झाला. ती परतली तोवर तुरी गेली होती.

हल्ली मावशी पान मिळालं की लगेच शेंगदाणे आणते आणि तुरीच्या रिकाम्या बिछान्याशी ठेवते.