पागोटं आणि पोतं

सोनवडीच्या राजाच्या कोठारात महिन्याभरात सात हमालांच्या कंबरा धरल्या! आठवा भिवा. पोतं उचलायला वाकला, तो वाकलेलाच राहिला.

याला कारण महाराज दुर्जयसिंहांचं फर्मान. महाराज रोज कोठाराच्या ओट्यावर लोडाला टेकून बसत. हमालांनी त्यांच्यासमोर उकिडवं बसायचं नाही! पाय ताठ ठेवून कंबरेतूनच वाकायचं, म्हणजे पोतंही उचललं जातं आणि मुजराही होतो. पाठ हमालाची, मग महाराजांचं काय जातंय!

भिवाची लेक गोजरा तडक दरबारात गेली.

"महाराज, हमालांना बसून पोतं उचलू द्या. पोतं छातीशी धरायचं, पाठ सरळ ठेवायची आणि मांड्यांच्या जोरावर उठायचं. माझा आजा असाच उचलायचा. साठीतबी ताठ व्हता!"

"माझ्यासमोर बसायचं?" महाराज गरजले. "मी कधी कुणासमोर उकिडवा बसलोय का?"

"आणि बसलात तर?"

महाराजांनी मिशीला पीळ दिला.

"परवा नव्या धान्याचा सण. सगळ्या रयतेसमोर मला बसवून दाखव! विनवायचं नाही, ढकलायचं नाही, 'बसा' म्हणायचं नाही. बसलो तर फर्मान रद्द. नाही बसलो तर तुम्ही बाप-लेक राज्याबाहेर!"

"पोरी, हे काय करून बसलीस?" घरी भिवा कण्हला. "मला उठवत न्हाई, राज्याबाहेर जाऊ कसा?"

"बा, तू गप पडून ऱ्हा. महाराजांचा जीव कशात हाय, ते मला ठावं हाय!"

महाराजांचा जीव होता पागोट्यांत. गोजराने हमालांच्या बायकांकडून लग्नातले जरीचे तुकडे गोळा केले आणि हातभर उंच, मोराच्या तुऱ्याचं असं पागोटं बांधलं, की बघणाऱ्याची मान दुखावी. सणाच्या सकाळी ते महाराजांना नजर केलं. महाराजांनी तीनदा आरशात पाहिलं आणि तेच घालून निघाले.

रिवाज असा, की नव्या ज्वारीची पहिली टोपली राजाने स्वतः जमिनीवरून उचलून देवापुढच्या चौरंगावर ठेवायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

महाराज कंबरेतून वाकले. पागोटं घसरून नाकावर आलं!

ते सावरून पुन्हा वाकले. पागोटं उजव्या कानावर! सणाच्या दिवशी राजाचं पागोटं डोक्यावरून उतरलं तर इज्जतच गेली की! एका हाताने ते धरावं, तर टोपली एका हाताने उचलेना. प्रधानजी पागोटं धरायला धावले, तसे महाराज ओरडले,

"खबरदार! राजाच्या पागोट्याला हात लावाल तर!"

महाराजांना घाम फुटला. मग त्यांनी मान ताठ केली, पाठ ताठ केली, पाय फाकवले आणि हळूच गुडघे मुडपले. उकिडवे बसले, टोपली छातीशी धरली आणि उठले! पागोटं जागचं हललं नाही.

"बसले! महाराज बसले!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"लबाड पोरी!" महाराज कडाडले. "ही तुझी करणी!"

"मी काय केलं सरकार? बसा म्हणाले न्हाई, ढकललं न्हाई. तुम्ही पागोटं जपायला बसलात, माझा बा कंबर जपायला बसंल. पागोटं पडलं तर दुसरं बांधता येतं. दुसरी कंबर कुठल्या बाजारात मिळती?"

महाराज असे खदाखदा हसले, की पागोटं दोन्ही हातांनी धरावं लागलं.

"आणि खरं सांगू?" ते डोळे पुसत म्हणाले. "दर वर्षी या टोपलीनंतर मी आठ दिवस पाठ शेकत बसतो. आज काहीच दुखलं नाही! फर्मान रद्द! भिवाला बरं वाटेपर्यंत घरपोच शिधा, आणि गोजरा आजपासून कोठाराची मुकादम!"

दुसऱ्याच दिवशी मुकादमीणबाईंनी पोतं कसं उचलायचं ते सगळ्यांना शिकवायला घेतलं. पहिलं पोतं दिलं प्रधानजींना!