तांबड्या पानांचे तोरण

भाविकहो, कुडवळे गावाला नदी आहे, डोंगर आहे, आणि महाराज येईपर्यंत तिथे भांडणांचीही टंचाई नव्हती. अशा गावात श्री धोंडबुवा महाराज एका आंब्याखाली येऊन बसले ते उठलेच नाहीत. पुढे त्यांच्याभोवती मठ उभा राहिला. दर पाडव्याला मठाच्या दाराला तोरण लागे ते याच आंब्याच्या पानांचे.

एका वर्षी तो आंबा वाळला. पान म्हणून उरले नाही. गावचे दाजी खोत म्हणाले, "पाडव्याची आरती झाली की कुऱ्हाड घाला." त्या लाकडातून आपल्या नव्या माडीच्या किती फळ्या निघतील, याचा विचार त्यांनी गावाच्या वतीने आधीच करून ठेवला होता.

गावात बाबल कातारी म्हणून एक म्हातारा होता. जन्मभर कातावर, म्हणजे कातकामाच्या यंत्रावर, लाकूड फिरवून त्याने लाटणी केली, पाळण्यावरची पाखरे केली. आता दृष्टी गेली होती. उजेड तेवढा कळे. तोरणाला पाने नाहीत हे ऐकून तो कळवळला. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे त्याने मणी कातले. लांबट मणी पानांसाठी, गोल मणी फुलांसाठी. पाने हिरव्या रंगात बुडवली, फुले तांबड्या रंगात, आणि वाळल्यावर एकेक मणी महाराजांचे नाव घेत ओवला. आपले हात देवाला अजून चालतात की नाही, एवढेच त्याला जाणून घ्यायचे होते. देव नाही म्हणाला, तर कात कायमचा बंद!

पाडव्याच्या सकाळी त्याने तोरण उलगडले आणि अंगणात हशा पिकला. रंगांच्या बोळक्यांची अदलाबदल झाली होती. पाने तांबडीलाल, फुले हिरवीगार.

"बाबल्या," खोत म्हणाले, "आंब्याला तांबडी पानं? आणि फुलं हिरवी? डोळ्यांबरोबर अक्कलही गेली की काय रे?"

खोतांना आंबा उत्तम कळे, पण तो पेटीत भरल्यावर.

"म्हाराज," बाबल चाचरत म्हणाला, "सगळे हसतत कित्याक? माझ्या हातून काय चुकला?"

"काही चुकलं नाही, बाबलदादा," महाराज म्हणाले.

"हे दाराला लावायचं?" खोत म्हणाले. "त्यापेक्षा त्या वाळक्या झाडाला बांधा. जोडा शोभेल!"

महाराज प्रसन्न हसले. "खोत, आज तुमच्या तोंडून देव बोलला. झाडालाच बांधू."

त्यांनी स्वतः बाबलचा हात धरून त्याला आंब्यापाशी नेले.

"दाराक नाय लागला," बाबल पुटपुटला.

"ज्याच्या पानांचं तोरण, त्याला आधी दाखवायला नको?" महाराज म्हणाले. बाबलने चाचपत फांदीला गाठ मारली.

गुढी उभी राहिली. आरती सुरू झाली. दुसऱ्या कडव्याला कसलासा गंध आला. टाळ अडखळले. घंटा वाजवणाऱ्याचा हात वरच राहिला. वाळक्या फांदीची साल उकलत होती! तिच्यातून पालवी निघाली, ओली, लवलवती, लालसर तांबडी. दर वर्षी आंबा याच रंगाने फुटतो, सगळ्यांनी जन्मभर पाहिलेले. हसताना तेवढे आठवले नव्हते. आणि पालवीआड, जिथे जिथे गोल मणी टेकला होता, तिथे तिथे इवली हिरवी कैरी! झाड शेंड्यापर्यंत पेटल्यासारखे दिसू लागले. झाड तोडायला आलेल्या गड्याने कुऱ्हाड हळूच पाठीमागे लपवली.

"कसलो वास तो?" बाबल विचारू लागला. "कोणी सांगा तरी. झाडाक काय झाला?"

"खोत, तुम्ही सांगा," महाराज म्हणाले. "रंग तुम्हाला चांगले कळतात."

खोत पुढे आले. "बाबल... बाबलदादा, पालवी फुटली."

"खयच्या रंगाची?"

"तांबडी. तुझ्या मण्यांसारखी."

"आणि फुलां?"

"फुलं नाहीत रे. कैऱ्या धरल्यात. हिरव्या."

बाबल झाडाला मिठी मारून लहान मुलासारखा रडला. महाराजांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बाबलदादा, हे तोरण आता झाड सोडायचं नाही. उद्यापासून दारासाठी दुसरं कातायला घ्या. रंग हेच!"

खोतांनी पगडी काढली आणि ते महाराजांच्या पायांशी वाकले. महाराज एक पाऊल बाजूला सरले. खोतांचे कपाळ टेकले ते बाबलच्या पायांवर, आणि त्यांनी ते बराच वेळ उचलले नाही.