नऊ चिठ्ठ्या

“म्हणजे या नऊ चिठ्ठ्यांतली खरी कोणती म्हणायची, बाई?”

शांतवन रणनवरेने त्या ओट्यावर ओळीने मांडल्या होत्या. वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एकेक खडा.

रूथबाई उबाळे हसल्या. त्यांना त्या चिठ्ठ्या दिसत नव्हत्या. चाळीस वर्षं गावोगाव फिरून त्यांनी बायकांना पवित्र शास्त्र, बायबल, वाचून दाखवलं होतं. आता डोळ्यांत नुसता दुधाळ उजेड उरला होता. देवळामागच्या त्यांच्या ओट्यावर कडुनिंबाचा मोहोर पडत होता. दुपार अशी जड, की आपण जागे आहोत की झोपेत, याची खात्री वाटू नये.

चिठ्ठ्या रूथबाईंच्याच हातच्या, डोळे शाबूत होते तेव्हाच्या. शास्त्रातलं एकेक वचन लिहून, गुंडाळून त्या बिस्किटांच्या डब्यात ठेवायच्या. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी मंडळीतल्या प्रत्येकाने प्रार्थना करून एक चिठ्ठी काढायची. एकच. तीच वर्षभराची शिदोरी. शेंबड्या पोरांनाही हा नियम ठाऊक होता.

शांतवन मात्र हायस्कुलात गणित शिकवायचा. उत्तराखाली दोन रेघा मारल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. मोठा हुशार माणूस, आणि ते सगळ्यांत आधी त्याला स्वतःलाच कळलेलं. आज तो नियम मोडून भर चैत्रात डब्यात हात घालून बसला होता.

“नऊ?” बाई म्हणाल्या. “डबाच रिकामा करायचास की.”

“पहिलीत विसाव्याचं वचन निघालं. दुसरीत उठून निघण्याचं. तिसरीत समुद्राचं. बाई, आपल्याकडे कुठला आलाय समुद्र?”

“आणि तुला हवं होतं काय?”

शांतवनने एका चिठ्ठीवरचा खडा उचलून पुन्हा ठेवला.

“शांतवन?”

“ती जगेल, एवढंच.”

आता कुठे खरं बाहेर आलं. लग्नाला बारा वर्षं झाली, घरात पाळणा हलला नव्हता. तालुक्याच्या बालगृहातली अडीच वर्षांची मार्था एकदा त्याच्या बायकोच्या, एस्तेरच्या, कडेवर बसली ती उतरायलाच तयार होईना. पण पोरीच्या हृदयाला छिद्र होतं. उद्या दहा वाजता दत्तकाच्या कागदांवर सही करायची, नाहीतर जमत नाही म्हणून कळवायचं. एस्तेरची सही झाली होती.

“डॉक्टर काय म्हणतात?”

“ऑपरेशन करू म्हणतात. पुढचं देवाच्या हातात, म्हणतात.”

“मग?”

“मग देवाने सांगावं ना! एकदा स्पष्ट सांगितलं की मी डोळे मिटून विश्वास ठेवीन.”

“सांगितल्यावर विश्वास कशाला लागतो रे?”

शांतवनला राग आला. राग कसला, भीतीच ती. “घरी आणायची, बाबा म्हणायला शिकवायची, आणि मग... बाई, मला नाही झेपणार.”

मोहोर पडत राहिला. देवळात कुणीतरी पेटीवर एकच सूर धरून बसलं होतं. ऐकता ऐकता तो सूर आणि बाहेरचं ऊन एकच वाटू लागलं.

रूथबाईंनी चाचपून चाचपून नऊही चिठ्ठ्या गोळा केल्या आणि डब्यात टाकल्या. मग वहीचा एक कोरा कपटा फाडला, पेन्सिलीचा तुकडा शोधला आणि दोन्ही पुढे केले.

“घे. नाव लिही.”

“कुणाचं?”

“तुझं. आणि टाक डब्यात.”

त्याला हसू आलं. हा काय पोरखेळ! पेन्सिल कागदाला टेकली... आणि तिथेच थांबली.

आजवर तो डब्यातून घेतच आला होता. आत काही टाकायची वेळ आज पहिल्यांदाच आली होती. नाव एकदा आत गेलं की कुठल्या वाटेला निघेल, कुणी सांगावं? त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसलेही नाहीत.

बऱ्याच वेळाने तो लिहू लागला.

रूथबाई कान देऊन ऐकत होत्या. “किती लिहितोस? तुझं नाव एवढं लांब नव्हतं. रविवारच्या शब्बाथशाळेच्या हजेरीत एका दमात संपायचं.”

“माझं मधे आलंय, बाई.”

कपट्यावर लिहिलं होतं : मार्था शांतवन रणनवरे.

बाईंनी कपटा घेतला, गुंडाळला, डब्यात टाकला. झाकण लावून डबा हलवला.

शांतवन उठला, दोन पायऱ्या उतरला आणि वळला. शेवटी मास्तरच तो.

“पण बाई... ती जगेल ना?”

रूथबाईंनी डबा मांडीवर घेतला.

“नऊ तू काढल्यास. आता एक देवाला काढू दे.”