शेऱ्याचा रकाना

एका तालुक्याच्या गावी एकदा एक गृहस्थ राहत होते, त्र्यंबकराव नावाचे. जमीन मोजणीच्या कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेले. माणूस सरळ, निर्व्यसनी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खोड एकच होती. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची वहीत नोंद ठेवायची.

नोंदही साधीसुधी नव्हे. पट्टीनं आखलेले रकाने होते. अनुक्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, पृष्ठसंख्या, सुरू केल्याची तारीख, संपल्याची तारीख. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात 'उत्तम', 'बरे' किंवा 'ठीक' असा एक शब्द, फार तर पुढं एखादं छोटं वाक्य पडलं, की ते पुस्तक त्र्यंबकरावांच्या लेखी निकाली निघालं.

गावच्या वाचनालयानं या खोडीला खतपाणी घातलं. दहा वर्षांत एक हजार पुस्तकं जो वाचील त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, असा उपक्रम त्यांनी काढला आणि भिंतीवर एक फळा टांगला. पहिल्या झटक्यात तीस जणांनी नावं दिली. तीस जणांचा उत्साह तीन महिने टिकला. पुढं फळ्यावर दोनच नावं उरली, एक त्र्यंबकरावांचं आणि दुसरं मोघे कंपाउंडरांचं. दोघं फळ्यापाशी भेटले की जुंपायची. मोघे म्हणायचे, "काय त्र्यंबकराव, परवा पंचांगही धरलंत म्हणे आकड्यात." त्र्यंबकराव म्हणायचे, "तुम्ही बाटल्यांवरची लेबलं धरता, त्याचं काय?"

अशी चढाओढ लागली की वाचणाऱ्याचं जे होतं ते त्र्यंबकरावांचंही झालं. जाड पुस्तक नकोसं वाटू लागलं. हातात आलं की आधी शेवटच्या पानावरचा आकडा बघायचा. वर्णन आलं की ओलांडायचं, संवादांवरून नुसती नजर फिरवायची, आणि पुढं काय होणार याचा अंदाज आला की मिटायचं. यात आपण काही खोटं करतो, असं त्यांना कधी वाटलं नाही. मोजणीला गेलेला माणूस शेतातलं एकेक ढेकूळ बघत बसत नाही. चार कोपऱ्यांचे दगड सापडले की शेत मोजून झालं. चौतीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं, आणि पुस्तकंही तशीच मोजली.

हे सगळं चालायचं ते बायकोच्या जिवावर. शालनबाई वाचनालयात जाऊन पुस्तकं आणायच्या, मुदत संपायच्या आत परत करायच्या, नवरा वाचत असला की दारात आलेल्याला हळू आवाजात परत पाठवायच्या. त्या गेल्या, त्याला अकरा महिने झाले होते. घर आता गप्प असायचं. त्र्यंबकरावांनी मनाशी एकच धरलं होतं. वर्षश्राद्धाच्या आत हजार पुस्तकं पुरी करायची, नोंदीच्या तिन्ही वह्या एकत्र बांधून घ्यायच्या, वर कापड, कापडावर सोनेरी अक्षरं, आणि तो ग्रंथ शालनच्या फोटोपुढं ठेवायचा. जन्मात तिला मोठं असं काही देता आलं नाही, निदान एवढं तरी द्यावं. आपला संसार अगदीच कोरडा गेला नाही, याचा तेवढाच पुरावा त्यांच्यापाशी होता. नऊशे नव्याण्णव झाली होती. एक राहिलं होतं.

वह्या काखेत मारून ते वस्तादांकडं गेले.

वस्ताद म्हणजे गावातले जुने पुस्तकबांधणीवाले. वय ऐंशीच्या पुढं. शाळा तिसरीतून सुटलेली, अजूनही अक्षराला अक्षर लावून वाचायचे. पण साठ वर्षं त्यांनी दुसऱ्यांची पुस्तकं शिवली होती. नोकरी लागण्याआधी त्र्यंबकराव दोन वर्षं त्यांच्या हाताखाली शिकले होते, छापलेला कागद दुमडून सोळा पानांचा फर्मा करायला, फर्म्याला फर्मा शिवायला, खळ शिजवायला. म्हणून साठी उलटली तरी वस्ताद त्यांना अरेतुरे करायचे आणि ते वस्तादांपुढं सतरंजीच्या कडेलाच बसायचे.

त्र्यंबकरावांनी मनातलं सांगितलं. वस्तादांनी पहिली वही घेतली, कण्यावर उभी धरली आणि दोन्ही हात सोडले. वही आपोआप उघडली. शेवटची पानं, जिथं महिन्यामहिन्याची बेरीज होती. दुसरी उभी केली, तीही बेरजेपाशी उघडली. तिसरी, तसंच.

"पुस्तकाला लबाडी येत नाही," वस्ताद म्हणाले. "जिथं जास्त उघडलं, तिथंच उघडतं. तुझं येणंजाणं इथं फार दिसतंय, त्र्यंबक."

बेरीज तपासावी लागते, आकडा चुकला तर मोघे फाडून खातील, असं त्र्यंबकराव काहीतरी म्हणाले. वस्तादांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. वह्या शेजारी ठेवून घेतल्या. मग उठून फळीवरून एक पुस्तक काढलं. शिवण नवी, घट्ट, पण पुठ्ठा चढवलेला नव्हता. वरची नावाची पानंही नव्हती. एकदम गोष्टच सुरू होत होती.

"हे तुझं हजारावं," ते म्हणाले. "बारा फर्मे आहेत. रोज एक फर्मा वाचायचा. सोळा पानं, जास्त नाही, आणि त्यातलं एकही गाळायचं नाही. बारा दिवसांनी ये. तोवर वह्या माझ्याकडं."

त्र्यंबकराव चरफडले. श्राद्धाला बावीस दिवस उरले होते. हे एवढंसं पुस्तक त्यांच्या हिशेबानं एका दुपारचं काम होतं. शिवाय याचं नाव काय, लेखक कोण, वहीत लिहायचं काय?

"नाव वाचलं की तुझं अर्धं वाचून होतं," वस्ताद म्हणाले. "म्हणून ते काढून ठेवलंय."

म्हातारा चळला, असं मनात म्हणत त्र्यंबकराव घरी आले. पण वस्तादांची आज्ञा मोडायची सवय त्यांना नव्हती. पहिले दोन दिवस फार जड गेले. सोळा पानं संपली की हात पुढं जायचा, मागं घ्यावा लागायचा. पुढं जायचं नाही म्हटल्यावर करणार काय, तर तीच पानं परत वाचायची. तिसऱ्या दिवसापासून त्यांना पुस्तकातला आवाज ऐकू येऊ लागला.

गोष्ट एका रंगाऱ्याची आणि त्याच्या बायकोची होती. त्यांची लहान मुलगी तापानं जाते. रंगारी दुसऱ्याच दिवशी रंगाच्या कढईपाशी उभा राहतो. मुलीची झबली-टोपडी तो घरातून हलवतो आणि पुढं वीस वर्षं तिचं नाव काढत नाही. बायकोला त्रास नको, म्हणून काढत नाही. बायको वाट बघत राहते. एवढीच गोष्ट. पुढं गावात दुष्काळ येतो, कापडाचा धंदा बसतो, पण त्या घरातलं ते न बोलणं हलत नाही.

आठव्या दिवशी त्र्यंबकरावांनी पुस्तक खाली ठेवलं. त्यांनाही एक मुलगी होती. वेणू. पावणेचार वर्षांची होऊन गेली. तिसऱ्या दिवशी ते कचेरीत हजर झाले होते. तिचा लाकडी पांगुळगाडा त्यांनीच एका नातेवाइकाला देऊन टाकला होता. त्यानंतर छत्तीस वर्षांत ते नाव त्या घरात त्यांनी एकदाही उच्चारलं नाही. खपली काढू नये, शालनला सोसायचं नाही, असं त्यांना वाटायचं. शालन काही बोलायची नाही, त्यावरून आपलं बरोबर आहे, असंही वाटायचं.

बाराव्या दिवशी शेवटचा फर्मा आला. त्यात काहीच घडत नाही. एका साध्या दुपारी वाळत घातलेल्या कापडांखाली नवराबायको बसलेले असतात आणि रंगारी आपण होऊन मुलीचं नाव घेतो. मग दोघं एकेक आठवण काढत जातात. ती गूळ कसा चोरायची, रंगात हात बुडवून भिंतीला कशी पुसायची. सोळाच्या सोळा पानं नुसतं तेच. त्र्यंबकरावांनी तो फर्मा दोनदा वाचला. ताट झाकलेलंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वस्तादांपुढं जाऊन बसले. डोळे सुजले होते.

"वस्ताद," ते म्हणाले, "हे पुस्तक मला आधी का नाही मिळालं? शालन होती तेव्हा मिळालं असतं, तर तिला बसवून वाचून दाखवलं असतं."

वस्तादांनी दुसरी वही ओढली. आत कागदाची पट्टी खुणेला घातली होती. तिथं उघडून एका ओळीवर बोट ठेवलं आणि वही त्यांच्याकडं फिरवली. शेजारी पुस्तकाची काढून ठेवलेली नावाची पानं ठेवली. दोन्हीकडं नाव तेच होतं.

अनुक्रमांक सहाशे बारा. चार वर्षांपूर्वीची नोंद. सुरू केल्याची आणि संपल्याची तारीख एकच. आणि शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'ठीक. शेवट रेंगाळतो.'

मग त्र्यंबकरावांना तो दिवस आठवला. हे पुस्तक वाचनालयाचं नव्हतं. शालननं प्रदर्शनातून स्वतः निवडून आणलं होतं, आधी स्वतः वाचलं होतं आणि मग त्यांच्या चहाच्या कपाशेजारी आणून ठेवलं होतं. एरवी ती असं करायची नाही. त्या वेळी आकड्यात मोघे चौदा पुस्तकांनी पुढं होते. संध्याकाळी तिनं विचारलं, "अहो, वाचलंत?" ते म्हणाले, "हो, झालं." तिनं विचारलं, "शेवटपण?" ते म्हणाले, "शेवट जरा रेंगाळतो." शालन स्वयंपाकघराच्या दारात थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "भाजी कोणती करू?"

त्र्यंबकरावांनी वही मिटली.

"आजारी पडायच्या जरा आधी ती हे घेऊन माझ्याकडं आली होती," वस्ताद म्हणाले. "अकरा फर्मे ताठ होते, आणि शेवटचा शिवणीतून सुटून हातात येत होता. मी अडाणी माणूस, पण एवढं मला वाचता येतं. एवढ्या वेळा कुणी एकाच जागी उघडतं, ते गोष्टीसाठी नाही. मी शिवून ठेवलं. पुठ्ठा चढवायचा राहिला आणि ती न्यायला आलीच नाही. मी नेऊन द्यायला हवं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. ती चूक माझी."

ते थांबले. सुईत दोरा होता, तो उगाच ओढून बघितला.

"वही ठेवण्यात पाप नाही, त्र्यंबक. विसरभोळ्या माणसानं ठेवावीच. स्पर्धेतही वाईट काही नाही, चार लोक त्या निमित्तानं वाचतात. पण एखादं पुस्तक माणूस वाचायला देतो, तेव्हा तो पुस्तक देत नसतो. स्वतःच्या तोंडून जे निघत नाही, ते दुसऱ्याच्या अक्षरात तुझ्यापुढं ठेवतो. त्याला शेरा नको असतो. तुझ्या बायकोनं तुला प्रश्न विचारला होता. तू त्याला नंबर घातलास."

त्र्यंबकराव खाली मान घालून ऐकत होते. बाहेर कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं. शेवटी त्यांनी विचारलं, ती आणखी काही म्हणाली होती का, रागावली होती का.

"राग कसला," वस्ताद म्हणाले. "पुस्तक हातात देताना म्हणाली, 'शिवण चांगली घट्ट घाला. यांनी वहीत लिहिलंय, पण वाचायचं राहिलंय. वाचतील कधीतरी. मला घाई नाही.'"

त्र्यंबकरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"वेणूला कढीपत्ता आवडायचा नाही," ते म्हणाले. "ताटातला एकेक वेचून माझ्या ताटात टाकायची."

वस्तादांनी सुई बाजूला ठेवली आणि ऐकत बसले. ज्या माणसाला हे सांगायचं होतं ते माणूस आता नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी त्र्यंबकराव दुपारपर्यंत बोलत राहिले.

घरातल्या माणसानं हातात दिलेलं पुस्तक आपण वाचलं, तर त्याला 'वाचून झालं' एवढंच सांगून उठू नये.